पडदा की दोन शिंगं

मी दीक्षा. चाकणला कंपनीत तपासणीला आहे. लोखंडी बुशचं, म्हणजे पोकळ नळीच्या तुकड्याचं, भोक गेज घालून मोजायचं, चुकलं की लाल डब्यात. भल्याभल्या सुपरवायझरचं मी ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी पिंपरीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये सांगतील तशी निमूट टेबलावर चढले.

दोनदा दिवस राहिले, दोनदा तिसऱ्या महिन्यात पडलं. साध्या सोनोग्राफीत सगळं नॉर्मल. मग पिशवीत डायचं औषध सोडून एक्स-रे काढला, तर त्यात गर्भपिशवी दुभंगलेली. "दोन शिंगांची, म्हणजे बाहेरूनही दुभंगलेली वाटतेय, पण यावरून नक्की नाही सांगता येत," तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. 'नक्की नाही' हे मी ऐकलंच नाही. स्वतःला सरळ लाल डब्यात टाकून मोकळी झाले. तिसऱ्यांदा ते रक्त बघायची हिंमत नव्हती माझ्यात. दोन वर्षं गुपचूप गोळ्या खाल्ल्या, मूल राहू नये म्हणून.

विलासला, माझ्या नवऱ्याला, या गोळ्यांचं काही माहीत नव्हतं. एकाच लाइनवर काम करताना आमचं जमलं, म्हणून अजून अरे-तुरेच चालतं. दर महिन्याला त्याचं तोंड उतरायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता तो शेजारी उभा होता आणि नव्या डॉक्टर मॅडम थ्री-डी सोनोग्राफी करत होत्या.

"एक्स-रेत फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरचा आकार नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा, बाहेरून पिशवी अखंड आहे. मध्ये नुसता पडदा आहे. दुर्बिणीतून कापता येतो."

अगं बाई! भोकाच्या गेजवरून बाहेरचं माप सांगू नका, हे मीच रोज नव्या पोरींना ओरडून सांगते.

विलासनं माझा हात घट्ट धरला. "म्हणजे या पडद्यामुळंच दोन वर्षं काही राहत नव्हतं का, मॅडम?"

"पडद्यामुळं गर्भ पडू शकतो. पण आधी दोनदा राहिले होते ना दिवस? मग आता का राहत नाहीत, ते वेगळं शोधावं लागेल."

मी पर्स जवळ ओढली.

"मग दोष माझ्यात असेल," विलास म्हणाला. "माझी तपासणी करा. आजच करा. हिला आता आणखी त्रास नको."

गोळ्यांचं पाकीट पर्समध्येच होतं, जेवणाच्या डब्याखाली. सांगितलं तर हा हात सुटेल. तरी उठले, पर्स उघडली.

"तू काही तपासून घेऊ नकोस, विलास," म्हणाले आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"कशाच्या गोळ्या गं या?"