ओल्या दगडातली रेघ

या, शेगडीपाशी सरकून बसा. व्हर्लिन हॅक्लरच्या शेवटच्या दगडाची हकिगत सांगते.

इंडियानातल्या आमच्या चुनखडीच्या खाणींवर व्हर्लिन कोरीव काम करायचा. दगडाची भुकटी छातीत बसलेली. पुढचा उन्हाळा दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याची मुलगी ओलेटा सातव्या वर्षी घटसर्पाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा उरला होता तो बापाच्या बोटांत, आणि जाण्याआधी तो त्याला तिच्या थडग्यावर ठेवायचा होता.

थंडीच्या तोंडावर त्याने खाणीतून नुकताच वर आलेला दगड निवडला. करवतीवरचा क्लोव्हिस भडकला.

"अरे, पाणी आहे अजून त्यात! एक उन्हाळा सुकू दे."

"उन्हाळा आणून दे, थांबतो. आणि सुकून कडक झाल्यावर हा दगड माझ्या हातांचं ऐकणार आहे होय?"

"आतलं पाणी गोठून फुटला म्हणजे?"

"तुला शेजारी बसवतो. तुझ्या बडबडीनं ऊब राहील."

त्या रविवारी आमच्या चर्चचे उपदेशक ब्रदर टॅल्मेज यांनी लाजरसची कथा लावली, येशूने मेलेल्या माणसाला हाक मारून थडग्यातून उठवलं ती. आधी साधं बोलणं, मग श्वासागणिक सूर चढत गेला, आणि "बाहेर ये!" म्हणताना सगळं चर्च उभं राहून गात होतं. बाहेर पडताना आम्ही ठरवलं, व्हर्लिनच्या शेडमधली शेगडी हिवाळाभर विझू द्यायची नाही. पाळ्या लावल्या. मीही कोळसा वाहिला.

दगड गोठला नाही. नाताळापर्यंत ओलेटा बाहेर आली. पुढच्या दातांत फट, डावी भुवई जराशी वर, जणू आत्ता काही खोडी काढणार. मी बादली खाली ठेवली आणि देवाचे आभार मानले.

मग शेगडीच्या उबेने दगड सुकू लागला. करडा रंग जाऊन साईसारखा उजळला, आणि कपाळापासून ओठापर्यंत एक काळपट, दातेरी रेघ उमटली. आमच्याकडे तिला कावळ्याचा पाय म्हणतात. ओला दगड सगळा सारखाच गडद असतो, त्यात ती दिसली नव्हती.

क्लोव्हिस हळूच म्हणाला, "चुना भरून बुजवू या."

"आत गाळाचा थर आहे रे. पाऊस शिरेल, गोठेल, चेहरा सुटून पडेल."

"शेगडी नसती तर दिसली नसती?"

"दिसली असती. मी गेल्यावर."

दुसरा दगड कोरायला श्वास उरला नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून निजला. मार्चमध्ये गेला.

तरी आम्ही तो दगड ओलेटाच्या थडग्यावर उभा केला. ब्रदर टॅल्मेज गायले. त्यांचा सूर चढला. मी त्या रेघेकडे बघत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात चेहरा गळून पडला. तुकडे मी एप्रनमध्ये गोळा केले, तर घरी पोहोचेपर्यंत, ज्यांचा तो दगड बनला होता त्या बारीक शिंपल्यांचा चुराच उरला.

व्हर्लिन गेला, क्लोव्हिस गेला, ब्रदर टॅल्मेज आणि पाळ्यांवरचे बाकीचेही गेले. तो चेहरा पाहिलेली आता मी एकटी, आणि माझंही वय झालं. त्या बिनचेहऱ्याच्या दगडापाशी कधी गेलात, तर ओलेटाची आठवण काढा. दातांत फट होती. डावी भुवई जराशी वर.