फक्त पाय

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या काळ्या नाचणाऱ्यांच्या त्या तळघरात कायदा एकच: दुसऱ्याची चाल चोरायची नाही. चोर ठरलेल्याला वर्षभर दार बंद, आणि बाहेरही त्याला कुणी जोडीला घेत नसे. गेल्या साली रॉस्कोला असंच हाकललं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता तो लेम्युएल गॅड्सडेन. रॉस्को कालच परत आला होता.

आज लेम आपली नवी चाल दाखवणार होता. सहा महिने त्याने ती एकट्याने घोटली होती: डावा पाय घसरायचा, उजवा त्याला धरायला धावायचा, आणि माणूस पडला पडला म्हणता ताठ उभा. ही चाल आपल्या नावाने ओळखली जावी, एवढीच त्याला आस होती. आजवर त्याने ती दाखवली होती फक्त कार्टूनवाल्या गोऱ्या ब्रँटसाहेबाला. साहेबाने लेमला कॅमेऱ्यापुढे नाचवलं. त्यावरून त्याचे चित्रकार एकेक पाऊल गिरवणार होते.

“आम्हाला तुझे फक्त पाय हवेत,” साहेब म्हणाला होता. “चेहरा आम्ही काढू.”

लेमला वाटलं, एखादा देखणा राजपुत्र काढतील. भोळेपणालाही काही सुमार असतो!

नाचाच्या बुटांच्या तळाला ठोकलेल्या पत्र्या खणखणल्या. लेम घसरला, सावरला, ताठ झाला. टाळी पडली नाही. रॉस्को मात्र खो खो हसत सुटला.

“अरे, हा तर पिक्चरमधला डांबऱ्या!”

त्याने ओठ लोंबवले, बुबुळं गरगर फिरवली, दोन्ही काखांत कोंबड्या धरल्यागत पळत आला आणि घसरला, सावरला, ताठ झाला. हुबेहूब तीच चाल. शनिवारी थेटरात सगळ्यांनी ते कार्टून पाहिलं होतं, लेमच तेवढा राहिला होता. तळघराची हसून मुरकुंडी वळली. चेष्टा हसणाऱ्यांच्याही तोंडाचीच होती, पण हसायला काय जातं!

“लेम,” दाराशी बसलेले म्हातारे अंकल सायलस म्हणाले, “चाल कुणाची?”

‘माझी’ म्हणावं, तर तो लोंबत्या ओठांचा कोंबडीचोर म्हणजे आपणच. जन्मभर पोरं रस्त्यात बुबुळं फिरवून हाका मारतील. नाही म्हणावं, तर चाल गेली.

“बोल की! वाचा बसली का रे?” रॉस्को म्हणाला.

“चोरली,” लेम म्हणाला. “पिक्चरमधून.”

अंकल सायलसनी दाराकडे बोट केलं.

पत्र्या वाजू नयेत म्हणून लेमने बूट काढले, एकेक एकेका काखेत मारला आणि मान खाली घालून तो जिना चढू लागला.

“आत्ता बघा!” रॉस्को ओरडला. “आत्ता कोंबड्याही आल्या!”