शिकवणीच्या बाई

"बाई, तुमी दिलेलं पुस्तक संपलं बी!" नूरुन्निसानं माकणी गावातल्या त्या पत्र्याच्या घरात पाऊल टाकताच आरोही ओरडली. "शिवकुमार सरांनी वाचून घेतलं. त्यांच्या गाडीवर बसून!"

नूरुन्निसाच्या काळजात बारीक सुई टोचली. मागं शिवकुमार हसत उभा होता.

आरोहीचा बाप बजरंग. बांधाच्या भांडणात त्यानं चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. न्यायालयानं तुरुंगात न धाडता त्याला दोन वर्षं परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडलं. ती अधिकारी नूरुन्निसा. दर महिन्याला ती एसटीनं यायची, पण पिशवीत गोष्टीचं पुस्तक घेऊन. पोरीला वाचायला शिकवायचं आणि शिकवता शिकवता बापाचा सूर, दारूचा वास, घरातली शांतता टिपायची, ही तिची पंचवीस वर्षांची रीत. आरोहीला ती शिकवणीचीच बाई वाटायची.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या हाताखाली कंत्राटी अधिकारी म्हणून शिवकुमार आला. तो मधल्या आठवड्यांतही मोटारसायकलवर चक्कर टाकायचा.

बजरंगची आई कडूबाई चहा घेऊन आली. कपबशी शिवकुमारपुढं गेली, नूरुन्निसाच्या हाती स्टीलचा पेला आला.

"लई गुनाचं लेकरू. माझ्या गोळ्या बी आनल्या लोहाऱ्यावरनं."

"लेकरू कसलं, साहेब आहेत ते," नूरुन्निसा गोड आवाजात म्हणाली.

तिच्या पिशवीत एक प्रस्ताव होता. देखरेखीखालच्या माणसांकडून महिना दोनशे रुपये घ्यावेत आणि त्यातून कंत्राटी अधिकाऱ्यांचे पगार भागवावेत. वरिष्ठ म्हणून तिचं मत मागवलं होतं. तो विषय इथं काढायचं काहीच कारण नव्हतं.

"बजरंग, पुढं-मागं यांचा पगार तुमच्याच खिशातून जाईल बरं का. महिना दोनशे."

शिवकुमारचा कप ओठाशीच थांबला. "मॅडम, अजून कुठं ठरलंय?"

"ठरेल की. देखरेख काय फुकट होते?"

बजरंग उठून आत गेला. नोटा आणून शिवकुमारपुढं धरल्या. त्यानं हात मागं घेतला. मग बजरंग तिच्याकडं वळला.

"आन् तुमचं किती, मॅडम? दीड वरसाचं? आमाला वाटलं, मायेनं येताव."

"माझं काही नाही रे. मला सरकार देतं."

आरोहीनं मिटलेलं पुस्तक छातीशी धरलं. "बाई, तुमी आमच्या पप्पांवर देखरेख ठेवाय येता?"

कडूबाई उगाच कपबशी आणि पेला गोळा करू लागली.

बसथांब्यावर शिवकुमार गाडी लावून तिच्याशेजारी उभा राहिला. रागावला नव्हता, हेच तिला सोसवेना. तिनं प्रस्ताव काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, "शुल्क घेऊ नये. आलेल्या माणसाला भाव लागला की घर मोकळं बोलत नाही. कंत्राटी अधिकाऱ्यांचा पगार शासनाने द्यावा." पेन थांबलं. मग लिहिलं, "शिवकुमार यांना कायम करावे. ते कामाचे आहेत."

कागद ठेवताना हाताला नवं पुस्तक लागलं.

"हे आरोहीला द्या."

"तुमीच द्या की, मॅडम."

"आता माझ्यापुढं ती वाचायची नाही."

पहिल्या पानावर तिनं सकाळीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आरोहीस, शिकवणीच्या बाईंकडून.' तिनं आरोहीचं नाव तेवढं राहू दिलं. पुढचे शब्द एक सरळ रेघ मारून खोडले आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरून ठेवलं.