धरू नका त्याला

मंठाळच्या पिराप्पाचा थोरला पोरगा श्रीशैल हुमनाबादजवळ हायवेवर लॉरीखाली सापडला. नुकतंच विशीत आलेलं पोर. मातीला सगळं गाव रडलं, पिराप्पा तेवढा रडला नाही. आलेल्यांना पाणी दे, सतरंजी टाक, असं करत हिंडत राहिला. तिसऱ्याच्या दिवशी बायको, सुभद्राबाई, पोराचा शर्ट तोंडावर धरून ओरडायला लागली, तेव्हा तो दात खाऊन म्हणाला, "गप! पुन्यांदा या घरात रडल्याचा आवाज नको."

ती गप झाली. तेव्हापासून घरात श्रीशैलचं नाव निघालं नाही. पोलिसांकडून सोडवून आणलेली त्याची मोडकी मोटारसायकल शेडात ताडपत्रीखाली उभी राहिली. तिकडं कुणी बघायचं नाही.

पण आत कोंडलेलं पिराप्पाच्या हातातून बाहेर पडायला लागलं. जेवताना भाकरी करपली म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. धाकटी श्रीदेवी कॉलेजातून उशिरा आली म्हणून तिच्या कानाखाली वाजवली. एकदा चहाच्या हॉटेलात शेजारचा भीमाशंकर मायेनं म्हणाला, "अण्णा, जानारा गेला. आता किती दिस जाळून घेनार जिवाला?" पिराप्पानं हातातला ग्लास त्याच्या तोंडावर हाणला. भीमाशंकरचे पुढचे दोन दात तुटले, ओठ फाटला. गावातल्या मोठ्यांनी कसंबसं मिटवलं. पिराप्पानं माफीही मागितली नाही.

मृगाच्या आधी तो कुळव घेऊन रानात गेला. ऊन तापलेलं. डावीकडचा बैल चालता चालता थांबला आणि बसला. पिराप्पानं चाबूक ओढला. बैल उठला नाही. त्यानं चाबकाचा दांडा उलटा धरून पाठीवर घातला, मग मानेवर, मग तोंडावर. बैल हंबरत होता, पाय झाडत होता, जोत्यातून त्याला सुटता येत नव्हतं. डोळ्यातून रक्ताची धार लागली तरी पिराप्पाचा हात थांबेना.

बांधावर काटक्या गोळा करणारी सुभद्राबाई धावत आली. "कामून मारायलाव त्याला? मुकं जनावर हाय ते!"

ती आडवी झाली. त्यानं तिला ढकललं. ती बांधाच्या दगडावर कपाळानं आपटली.

सुभद्राबाई उठली. रक्त भुवईवरून गालावर उतरत होतं, तिनं ते पुसलंही नाही. ती घराच्या वाटेला लागली. तिच्या चालण्यात असं काहीतरी होतं की पिराप्पा चाबूक टाकून मागं निघाला.

तो अंगणात पोचला तेव्हा तिनं शेडातली ताडपत्री ओढून काढली होती. हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव हेडलाइटवर बसला, दुसरा आरशावर. काचा उडाल्या.

"ए! त्याची गाडी हाय ती!" पिराप्पानं तिचा दंड धरला.

तिनं हात हिसडला. लग्न झाल्यापासून ती त्याला अहोजाहो करत आली होती. आज म्हणाली, "तूच घेऊन दिलास ही! नको म्हनलं हुतं म्या, पाया पडले हुते तुझ्या! अन् त्या दिवशी तूच धाडलास त्याला हुमनाबादला, पंपाच्या एका वायसरसाठी! पोर जेवत हुतं. उठवलास ताटावरनं!"

पिराप्पानं कुऱ्हाड हिसकून घेतली. दारातून श्रीदेवी किंचाळली, "अप्पा, न्हाई!" सुभद्राबाई हलली नाही. "घाल," ती म्हणाली. "घाल मला बी."

त्यानं कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि मोटारसायकलच्या टाकीवर घातली. पत्रा फाटला. पुन्हा घातली. सीट फाटलं, स्पंज बाहेर आला. तो मारत राहिला. दांडा मोडून पातं उडालं तेव्हा नुसत्या हातांनी फाटका पत्रा उचकटू लागला. तळहात चिरले, बोटं रक्तानं भरली. आणि मग त्याच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हते त्यात. शब्द मागनं आले. "म्याच धाडलं! शिरू, म्याच धाडलं रं तुला!"

आरडाओरडा ऐकून भीमाशंकर धावत आला. पिराप्पा कपाळ इंजिनावर आपटत होता. भीमाशंकर त्याला मागून कवेत घ्यायला गेला.

"धरू नका त्याला, भाऊजी," सुभद्राबाई म्हणाली. "पडू द्या भाईर."

तिनं फक्त आपला पदर गोळा करून त्याच्या कपाळाखाली, लोखंडावर, धरला. तो आपटत राहिला, आणि तीही रडायला लागली, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

त्याच भीमाशंकरनं दोघांना आपल्या टमटममधून बसवकल्याणच्या दवाखान्यात नेलं. वाटेत पिराप्पानं त्याचा हात धरला. टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि बिदरला मनाच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. "म्या येडा न्हाई," पिराप्पा म्हणाला. श्रीदेवी म्हणाली, "येडे न्हाई अप्पा. पर जायचं." तो गेला. अजून जातो.

बैलाचा डोळा गेला तो गेलाच. पिराप्पा रोज त्या खोबणीला हळद-तेल लावायचा, बैल रोज त्याच्या हाताला बुजून मान काढून घ्यायचा.

सुभद्राबाई भावाकडं आळंदला निघून गेली. जाताना म्हणाली, "पोराचं दुख हाय म्हनून माझं डोस्कं फोडायचा हक न्हाई तुमाला. ते शिकला की बलवा." सुगी झाल्यावर तो न्यायला गेला. भावाच्या ओसरीवर सगळ्यांसमोर, उभ्यानंच, म्हणाला, "चुकलं माझं. परत हात उचलला तर तूच मला घराभाईर काढ." ती लगेच आली नाही. आठवड्यानं, बसनं, एकटी आली.

त्या संध्याकाळी चुलीपुढं दोघांचं पुन्हा भांडण जुंपलं. श्रीशैलनं पहिलं पाऊल कुठं टाकलं, यावरनं. ती म्हणत होती, आजोळी, उंबऱ्यापाशी. तो म्हणत होता, "न्हाई गं, रानात, मेंढरामागं, माझं बोट सोडून." आवाज चढले. श्रीदेवी घाबरून आतून आली, तर दोघंही डोळे पुसत होते आणि अजून भांडतच होते.