परतीची चाल

“हात पुढे कर,” म्हणत तिने आईच्या उजव्या मनगटावर शेवटचा चमकता गोळा चिकटवला. बोराएवढे असले गोळे आईच्या खांद्यांपासून पायांच्या अंगठ्यांपर्यंत लागले होते. भिंतींवरच्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नसे, फक्त हे गोळे दिसत.

“म्हातारपणी बरी नटवलीस मला,” आई म्हणाली.

विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत लोकांची चाल तपासायची, हे तिचं काम. आज सुट्टी होती आणि इमारतीत चिटपाखरू नव्हतं. परदेशातून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं, पण आईला एकटं टाकून जायला तिचं मन घेत नव्हतं. त्यावरून घरात रोज खटके उडत. शेवटी आईच हट्टाला पेटली. मी एकटी राहू शकते की नाही ते तुझ्या यंत्रालाच विचार, आणि ते हो म्हणालं की मुकाट्याने निघायचं.

“या रेषेपासून समोरच्या भिंतीपर्यंत चाल. नेहमीसारखी.”

आई निघाली. उभा जन्म शाळेत मुलांकडून कवायत करून घेतलेली बाई ती. मान ताठ, पाऊल ठाम, दोन्ही हात झोकात मागेपुढे.

“अगं आई, संचलन नकोय. साधं चाल.”

“माझं साधं हेच.”

तिला हसू आलं. समोरच्या पडद्यावर त्या गोळ्यांचे ठिपके कसे तालात चालले होते. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. जावं, खुशाल जावं आपण.

“झालं हं. ये परत सावकाश.”

हे ती तिथे येणाऱ्या प्रत्येकालाच म्हणायची. आपल्याकडे कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस नीटच चालतो. काम संपलं असं वाटलं, की परतताना तो आपल्या मूळ चालीवर येतो, म्हणून कॅमेरे चालूच ठेवायचे आणि परतीचीच चाल खरी धरायची. आईला फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. सवयीने बोलून गेली, आणि सवयीनेच कॅमेरे बंद केले नाहीत.

आई परत यायला लागली, तेव्हा पडद्यावर उजव्या मनगटाचा ठिपका झुलत नव्हता. डावा मागेपुढे होत होता आणि उजवा नुसता लोंबत होता. त्याच बाजूच्या पावलाचा ठिपका जमिनीवरून जेमतेम उचलला जात होता. असे ठिपके तिने पुष्कळ पाहिले होते. त्या दुखण्याचं नाव तिला ठाऊक होतं, पण ते आईच्या बाबतीत मनात आणायचीही तिला भीती वाटली. तिने मान वर केली. आई हसत हसत येत होती. घरी रोज तो हसरा चेहराच बघितला होता, पायांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

“काय म्हणतंय तुझं यंत्र?”

“छान आहे सगळं.” तिने घाईने पडदा बंद केला आणि खाली बसून गोळे काढायला लागली.

“मग कळवून टाक त्यांना, येते म्हणून.”

तिने शेवटचा गोळा डबीत टाकला. दाराला कुलूप लावून ती वळली तेव्हा आई भिंतीला टेकून उभी होती.

“तू हो पुढे. मी आलेच.”

बाजारात, बसथांब्यावर, घरच्या जिन्यावर, गेले कित्येक महिने आईचं हेच वाक्य होतं. आणि ती खरोखरच पुढे होत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

आज ती पुढे झाली नाही. आईच्या उजव्या बाजूला येऊन तिने तिच्या हातात हात अडकवला. आईने तो सोडवून घेतला नाही. रिकाम्या व्हरांड्यात एका चपलेच्या फरफटण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

जिन्यापाशी आई थांबली.

“मी परत येतानाही ते यंत्र चालूच होतं ना?”

“हो.”

आईने खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

“मीही पोरांना असंच पकडायची,” ती म्हणाली. “‘विश्राम’ म्हटलं की लगेच कळायचं, कोण खरंच दमलंय ते.”

मग लेकीच्या हातावर सगळा भार टाकून तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.