खामपेंगने न घेतलेली शपथ

वर्षावासाच्या पहिल्या सकाळी नोंगफाय गावात सद्गुणाची साथ येत असे. मेकाँगच्या काठावरची ही वस्ती एरवी मनसोक्त पीत असे आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरती शुद्ध होत असे. भिक्खूंनी विहाराबाहेर मुक्काम करायचा नाही आणि गृहस्थांनी बाटलीजवळ जायचे नाही, असा हा परस्परांच्या सोयीचा करार होता. वर्षावास सरल्याच्या संध्याकाळी ज्यांनी ओठ कोरडे ठेवले त्यांचा पहिला पेला गावचा मुखिया प्रदप स्वतःच्या हाताने भरी. संयमाचे बक्षीस म्हणून दारूच द्यावी, यात कोणाला काही विसंगत वाटत नसे.

खामपेंगला वाटत असे. ती रबराच्या मळ्यात झाडांचा चीक काढायची, आणि कित्येक वर्षे तिचा दिवस सारापीच्या दुकानातल्या पांढऱ्या दारूच्या पेल्यानेच उजाडत होता. त्याआधी सुरी हातात स्थिर राहत नसे. तिचा धाकटा भाऊ बुनलुआन तिच्याहूनही जास्त प्यायचा. गेल्या वर्षी त्याने विहाराच्या सभागृहात शपथ घेतली आणि, गावात क्वचितच घडणारी गोष्ट, ती पाळली. दुसऱ्या दिवशी त्याला घामाने अंथरूण भिजवणारा कंप सुटला, भिंतीतून माणसे येताना दिसू लागली. तिसऱ्या दिवशी आकडी आली. प्रदपने देवऋषी बोलावला. देवऋषीने नदीकाठच्या भुताचे नाव सांगितले आणि उतारा म्हणून कोंबडी उकडून घेतली. गावची गाडी इस्पितळाकडे निघाली तेव्हा तिच्यात न्यायला प्रेतच उरले होते.

अंत्यविधीला प्रदपने भाषण केले. बुनलुआनने शेवटपर्यंत शपथ मोडली नाही, असे तो म्हणाला. विधान दुर्दैवाने खरे होते.

पुढे एकदा सुरी निसटून खामपेंगचा तळहात कापला. तालुक्याच्या इस्पितळात वीलाय नावाच्या नर्सने जखम शिवली आणि जखमेविषयी एकही प्रश्न न विचारता, सकाळी किती घेतेस, एवढेच विचारले. वर्षानुवर्षे दारूवर चाललेल्या शरीराची दारू एका फटक्यात तोडली तर आकडी येते, माणूस दगावतो, हे खामपेंगला त्या दिवशी कळले. औषध होते. काही दिवस खाटेवर, देखरेखीखाली ते घ्यायचे होते. त्यानंतर इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दारूतून सुटलेले आणि सुटू पाहणारे लोक दर आठवड्याला जमत. खामपेंगने तिथे डोकावून पाहिले होते. माणसे कैरीला तिखटमीठ लावून खात होती आणि एकमेकांच्या तक्रारी करत होती. कोणी कोणासाठी टाळ्या वाजवत नव्हते. एवढ्यावरच तिचा त्या जागेवर विश्वास बसला.

खाट मिळाली ती नेमकी वर्षावासाच्या पहिल्या दिवशी. तोवर एकदम थांबू नकोस, वीलायने बजावले होते. कमी घे, पण घे, आणि एकटी येऊ नकोस. गावची गाडी द्यायला प्रदप राजी झाला, मात्र शपथविधी उरकल्यावर. यंदा जिल्ह्याचा अधिकारी कॅमेऱ्यासह येणार होता. ‘मद्यमुक्त गाव’ असा फलक मिळायचा होता आणि त्यासाठी प्रत्येक घरातले माणूस सभागृहात हवे होते.

म्हणून खामपेंग आली. बुद्धमूर्तीच्या हातातून निघालेला पांढरा सुती धागा ओळीओळीने सगळ्यांच्या जोडलेल्या हातांतून फिरत होता. धागा धरायचा, भंतेंमागून वचन म्हणायचे, की माणूस बांधला गेला. शेजारणीने तिच्या श्वासाचा वास येताच तोंड फिरवले. धागा पोहोचला तसा खामपेंगने तो न धरता पलीकडच्या बाईच्या हातात दिला.

प्रदपच्या ते लक्षात आले. अधिकारी बघत होता, म्हणून तो हसून म्हणाला, “अगं आक्का, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. सण झाला की पहिला पेला तुझा.”

सभागृह खळखळून हसले.

“मला तीन महिने नकोत, प्रदप,” खामपेंग म्हणाली. “मला कायमची सोडायचीय. म्हणून शपथ घेत नाही.”

वृद्ध भंतेंनी मान वर केली. “आज घेतलीस का?”

“घेतली, भंते. दोन घोट. नर्सनं सांगितलंय.”

“ती नर्स आमच्याकडेही पाठवा,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. तो पुरता विरेपर्यंत खामपेंग थांबली.

“बुनलुआननं तुमच्यासमोर शपथ घेतली होती, भंते. त्यानं पाळली. त्याला भुतानं नाही मारलं, एकदम थांबल्यानं मारलं. या शपथेत एक ओळ घाला. ज्याचे हात कापतात त्यानं आधी इस्पितळात जावं, मग इथं यावं.”

भंतेंना उत्तर सुचण्याआधी प्रदपला सुचले. “शपथ न घेणाऱ्याला गावची गाडी मिळणार नाही,” तो म्हणाला. अधिकाऱ्याने कॅमेरा दुसऱ्या बाजूला वळवला. भंतेंनी पठण पुन्हा सुरू केले. आवाज मघापेक्षा खाली गेला होता, पण पठण थांबले नाही. बायकांनी धागा खामपेंगच्या पाठीमागून ओढून घेतला. ती उठली आणि चपला शोधून बाहेर पडली.

पुण्यदिवस म्हणून सारापीचे दुकान बंद होते, म्हणजे पुढून बंद होते. खामपेंगने मागच्या दाराने जाऊन काय झाले ते सांगितले. सारापीने शिव्या घातल्या त्या नेमक्या कोणाला, हे कळणे कठीण होते. पण शिव्या घालता घालता तिने मोटारसायकलच्या बाजूला जोडलेल्या गाड्यातून बर्फाची पेटी उतरवली.

“तू सुटलीस तर माझं सकाळचं पहिलं गिऱ्हाईक गेलं.”

“दुसरी येतील.”

“न येऊन जातात कुठे? दुपारपासून मागच्या दाराशी उभे राहतील. सगळे शपथ घेतलेले.” वाटेत हात फारच कापू लागले तर म्हणून तिने एक छोटी बाटली स्वतःच्या कमरेला खोचली. खामपेंगच्या हातात ती दिली नाही.

गाडी सुरू झाली तोच थोंगमुआन धापा टाकत आला. हा बुनलुआनचा पिण्यातला जोडीदार. आकडीच्या वेळी त्यानेच त्याचे पाय दाबून धरले होते. आज सभागृहात सर्वांत मोठ्याने वचन म्हणणारा आवाज त्याचाच होता. मनगटाला धाग्याचा तुकडा बांधलेला होता आणि ते मनगट थरथरत होते.

“आक्का, मी घेतली शपथ.”

“ऐकली. शेवटचा घोट कधी घेतलास?”

“काल सकाळी.”

खामपेंग सरकून बसली. “चढ.”

“पण नर्सनं उद्या घोट घे म्हणून सांगितलं तर? शपथ मोडेल की.”

“तिच्याकडे औषध आहे, घोट लागायचा नाही. आणि लागलाच तर मोडेल. मोडकी शपथ घेऊन जिवंत परत ये. ती पाळून मेलेला एक आमच्या घरात झालाय.”

तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिकडे विहाराच्या ध्वनिक्षेपकावरून प्रदप जाहीर करत होता, की नोंगफायच्या प्रत्येक घराने एकमुखाने शपथ घेतली आहे.

इस्पितळाला मागची वाट जवळची होती. सारापीने गाडी तिकडे वळवली, तेव्हा खामपेंगने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“विहारासमोरून घे,” ती म्हणाली. “हळू घे.”