कोरडी फरशी

सुताराने चौथ्या दाराची कडी उचकटून मावशीच्या हातातल्या डब्यात टाकली. डबा खणकन वाजला आणि रविवारच्या रिकाम्या शाळेत तो आवाज जिन्यापर्यंत गेला.

"जन्मभर कड्या बसवत आलो," तो म्हणाला. "काढायला पहिल्यांदाच कुणी बोलावलं. उद्या म्हणाल, दारंही घेऊन जा."

एरवी मावशीने एकाला दोन सुनावली असती. आज तिने नुसता डबा पुढे धरला.

मुलींच्या स्वच्छतागृहाला सात दारं. खिडकीकडचं सातवं आता नव्हतं, त्याची नुसती चौकट उरली होती. बारा दिवसांपूर्वी नववीतली एक मुलगी त्या दाराआड पाऊण तास होती. दार फोडलं, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. वाचली. तिने स्वतःला काय करून घेतलं होतं, ते शाळेत कुणी तोंडाने बोलत नव्हतं. मोठ्या बाईंनी मात्र हुकूम काढला, आतली एकही कडी ठेवायची नाही.

मावशीच्या कमरेला चार घड्या घातलेला एक कागद खोचलेला होता. घटनेचा अहवाल. त्यावर संध्याकाळपर्यंत तिची सही हवी होती. तिने तो तीनदा वाचला होता, बोट ठेवून. 'फरशी ओली असल्याने त्या तासाला तिकडे कोणी गेले नाही. मावशींच्या प्रसंगावधानामुळे पुढील अनर्थ टळला.' उद्या प्रार्थनेच्या वेळी तिचं कौतुक व्हायचं होतं. तिला कायम करावं म्हणून बाईंनी वर लिहिलंही होतं. अकरा वर्षं ती ज्याची वाट बघत होती, ते असं दाराशी येऊन उभं राहिलं होतं.

आणि फरशी ओली नव्हती.

ती मुलगी रडायला यायची. तीन महिने, आठवड्यातून दोनदा तरी. वर्गात तिच्या बाकावर कुणी बसत नसे, एवढं मावशीला झाडताना दिसलं होतं, कारण त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला धूळ साचायची. पहिल्यांदा तिचे हुंदके ऐकले, तेव्हा मावशीने काही विचारलं नाही. 'फरशी ओली आहे' असं लिहिलेला पिवळा बोर्ड उघडून बाहेरच्या दारात उभा केला आणि स्वतः पॅसेजच्या काचा पुसत राहिली. मावशी लग्न होऊन आली, तेव्हा सासरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती. रडायचं असलं की ती गरज नसताना धुणं काढायची. रडणाऱ्याला आडोसा द्यावा, प्रश्न विचारू नयेत, एवढं शहाणपण तिच्याजवळ होतं.

जाताना ती मुलगी बोर्ड मिटून भिंतीला टेकवून ठेवी. दोघींत बोलणं असं कधी झालंच नाही. तो मिटलेला बोर्ड हेच बोलणं.

त्या दिवशी मावशीने बोर्ड लावला आणि तेवढ्यात वरून निरोप आला, सुरक्षा समितीची बैठक आहे, चहा आणा. ती गेली. ती वर्गात परतली नाही, म्हणून गणिताच्या सरांनी दोन मुलींना बघायला पाठवलं. त्या बोर्ड बघून परत फिरल्या. रिकामे कप घेऊन मावशी खाली आली, तेव्हा बोर्ड अजून उभाच होता. ट्रे तिथेच टाकून ती ओरडत आत धावली.

"मावशी, डबा," सुतार म्हणाला.

पाचवी कडी पडली. पॅसेजमध्ये पावलं वाजली. सुताराचं सामान कुणाच्या पायात येऊ नये म्हणून बोर्ड आजही दारात होता, आणि त्याच्यापलीकडे एक बाई येऊन थांबली. हातात शाळेचा लांबट लिफाफा. दाखला न्यायला मुद्दाम सुटीचा दिवस निवडलेला. मावशीने तिला पालकसभेत पाहिलं होतं. मुलीसारखंच कपाळ.

"आत येऊ?"

मावशी बाजूला झाली. आई चौकटीपर्यंत गेली, थोडी उभी राहिली आणि परत आली. मुलीचं कसं आहे, ते तिने न विचारताच सांगितलं. जेवते. बोलत नाही फारसं. डॉक्टर बाईंकडे नेतो आठवड्यातून दोनदा, तिथे बोलते म्हणतात. पुढचं वर्ष दुसऱ्या शाळेत.

मावशीने डबा खाली ठेवला.

"ताई, त्या दिवशी फरशी कोरडी होती."

सुताराचा हात थांबला.

"मी आपली बोर्ड लावायचे. तिला कुणी बघू नये म्हणून. तीन महिने मला ठाऊक होतं. कुणाला म्हणून बोलले नाही मी."

आईने लिफाफ्याची कड बोटाने सरळ केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तिनेच सांगितलं. म्हणाली, मावशी बोर्ड लावायच्या. शाळेतलं तेवढं एकच चांगलं सांगितलं तिने."

मावशीने पदर तोंडाशी धरला. शिव्या दिल्या असत्या, तर सोसल्या असत्या.

"घरी ती बाथरूममध्ये नळ सोडून बसायची," आई पुढे म्हणाली. "मी बाहेरून दार बडवायचे. टाकी रिकामी होईल म्हणून."

मग ती सुताराकडे वळली. "दादा, आमच्या घरच्याही काढून द्याल का? दोनच आहेत."

सुताराने मान हलवली. पत्ता कशावर लिहावा, ते त्याला सुचेना. शेवटी त्याने कानामागची पेन्सिल काढून हातातल्या फळीवरच लिहून घेतला.

आई निघाली. दारात बोर्ड आडवा आला. तिने तो मिटला आणि भिंतीला टेकवून ठेवला, डाव्या बाजूला, खिडकीखाली. मुलगी ठेवायची, अगदी तिथेच. मग मागे न बघता जिना उतरली.

मावशी त्या बोर्डाकडे बघत राहिली. कमरेचा कागद काढून तिने त्याच्या घड्या उलगडल्या.

"एक कडी राहिलीय," सुतार म्हणाला.

"आले."

मोठ्या बाईंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तरी मावशीने ते वाजवलं आणि आतून आवाज येईपर्यंत थांबली.

"या, या. झाली सही?"

"नाही बाई," मावशी म्हणाली. कागद टेबलावर ठेवून तिने ओल्या फरशीच्या ओळीवर बोट ठेवलं. "आधी तुमचा पेन द्या."